राज्यशास्त्राच्या रिसर्चसाठी नाशिकमध्ये मटेरियल कुठे आणि कसं शोधायचं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एमएचं डेझर्टेशन असो, पीएचडीचा सिनॉप्सिस असो नाहीतर टीवायचा साधा प्रोजेक्ट, राज्यशास्त्राच्या मुलामुलींचे प्रश्न दरवर्षी साधारण तेच असतात म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतोय. नाशिक शहर आणि जिल्ह्यातली मुलं डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पण ऑनलाईनचा भाग कुणालाही चालेल. "नाशकात काही मिळत नाही, पुण्यालाच जावं लागतं" असं जे सगळे म्हणतात ते मला पटत नाही. पुण्या-मुंबईला जावं लागतं, पण नंतर. आधी घरच्या घरी आणि गावातल्या गावात जेवढं होतं तेवढंही बहुतेक जण करत नाहीत.

प्र. माझा टॉपिक "महाराष्ट्राचं राजकारण आणि शेतकरी" असा आहे, पुस्तकं कुठे मिळतील?

या टॉपिकवर कपाटभर पुस्तकं मिळतील आणि त्यातलं एकही तुमच्या नेमकं कामाचं नसेल, कारण तुम्हाला काय शोधायचंय हे अजून ठरलेलंच नाही. टॉपिक छोटा करा. कोण, कुठे, कोणत्या वर्षी, आणि त्याचा कागद कुणाकडे असेल, हे चार प्रश्न स्वतःला विचारा. समजा तुम्ही ठरवलं की मार्च २०१८ चा किसान लाँग मार्च घ्यायचा, जो ६ तारखेला नाशिकहून निघाला आणि १२ ला मुंबईत पोचला, आणि त्यातही फक्त सुरगाणा, पेठ, दिंडोरी भागातल्या वनजमिनीच्या मागणीचं पुढे काय झालं एवढंच बघायचं. आता बघा, यादी आपोआप तयार होते: २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याचे नियम, सरकारने मोर्चाला दिलेलं लेखी आश्वासन, विधानसभेतले त्यावरचे प्रश्न, त्या आठवड्याची पेपरची फाईल, जिल्ह्यातल्या दाव्यांची आकडेवारी, आणि इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीतले लेख. कांद्याचा विषय असेल तरी तेच, नुसतं "कांदा आणि राजकारण" नको, १९८० चं शेतकरी संघटनेचं ऊस-कांदा आंदोलन घ्या किंवा लासलगाव बाजार समितीची एखादी निवडणूक घ्या.

टॉपिक छोटा केला तर पानं भरणार नाहीत अशी भीती सगळ्यांना वाटते. होतं उलटंच, मोठ्या टॉपिकवाले इकडून तिकडून उतारे जोडत बसतात आणि छोट्या टॉपिकवाल्यांना शेवटी काय काय गाळायचं हा प्रश्न पडतो.

प्र. सुरुवात गूगलने करू की लायब्ररीने?

मराठी विश्वकोशाने करा. ऑनलाईन आहे, फुकट आहे, आणि राज्यशास्त्राच्या नोंदी जाणकारांनी लिहिलेल्या आहेत. काही नोंदी जुन्या आहेत म्हणून ताज्या घडामोडींसाठी नको, पण संकल्पना समजायला उत्तम. सोबत भाषा संचालनालयाचा राज्यशास्त्र परिभाषा कोश उघडा ठेवा, म्हणजे एकाच गोष्टीचा मराठी आणि इंग्रजी दोन्ही शब्द हाताशी राहतो आणि पुढे शोधताना दोन्ही टाकता येतात. त्यानंतर तुमच्या विषयावरचा एकच चांगला अलीकडचा लेख शोधा आणि त्याच्या शेवटची संदर्भयादी नीट वाचा. गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या अभ्यासलेख शोधायच्या साईटवर, तोच लेख टाकला की खाली तो पुढे कुणी कुणी वापरलाय ते दिसतं. म्हणजे यादीतून मागे जायचं आणि स्कॉलरवरून पुढे यायचं, एका लेखातून वीस सापडतात.

प्र. नाशिकमध्ये नेमकं कुठे जाऊ?

आधी स्वतःच्या कॉलेजात. हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, पण एमए पार्ट टूपर्यंत कॉलेजच्या लायब्ररीत फक्त प्रश्नपत्रिका आणि नोट्ससाठी गेलेली मुलं खूप आहेत.

मग सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, टिळक पथावरचं. १८४० साली सुरू झालेलं हे वाचनालय राज्यातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी एक आहे. तिथे कादंबऱ्या घ्यायला जाणारे खूप, पण राजकीय चरित्रं, आत्मचरित्रं, जुने मराठी ग्रंथ यासाठी जाणारे कमी. महाराष्ट्राच्या राजकारणावर काम करणाऱ्याला मराठी चरित्र-आत्मचरित्रांशिवाय गत्यंतर नाही, कोण कुणाच्या गटात का गेला हे इंग्रजी पुस्तकात दोन ओळीत संपतं आणि मराठी आत्मचरित्रात चाळीस पानं चालतं. अर्थात लिहिणारा स्वतःची बाजू मांडतोय हे धरूनच वाचायचं, आणि समोरच्या गटातल्याचंही वाचायचं.

एचपीटी कॉलेज १९२४ पासूनचं आहे, केटीएचएमही मोठं जुनं कॉलेज आहे, अशा ठिकाणी जुन्या जर्नल्सचे बांधीव खंड असू शकतात. तुम्ही तिथले विद्यार्थी नसाल तर आपल्या लायब्ररियनकडून किंवा एचओडीकडून एक पत्र घेऊन जा, पत्रात टॉपिक आणि किती दिवस बसायचंय ते लिहिलेलं असावं. पुस्तक घरी मिळणार नाही, तिथेच बसून वाचावं लागेल, पण शक्यतो कुणी नाही म्हणत नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय तर इथेच गंगापूर धरणाच्या रस्त्याला आहे, त्यांची मराठीतली राज्यशास्त्राची पाठ्यपुस्तकं बेसिक पक्कं करायला खरंच चांगली आहेत. रिसर्चमध्ये संदर्भ म्हणून मात्र पाठ्यपुस्तक देऊ नका.

प्र. राज्यशास्त्राचं कपाट सापडलं पण माझ्या विषयाचं त्यात काहीच नाही?

कारण राज्यशास्त्र एका कपाटात मावत नाही. ज्या लायब्ररीत ड्यूई पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला नंबर देऊन, पुस्तकं लावलेली असतात तिथे ३२० ला सर्वसाधारण राज्यशास्त्र असतं, पक्ष आणि निवडणुका ३२४ ला, आंतरराष्ट्रीय संबंध ३२७ ला, कायदेमंडळ ३२८ ला. पण संविधान ३४२ मध्ये जातं म्हणजे कायद्याच्या कपाटात, लोकप्रशासन ३५१ पासून पुढे, जात आणि समाजगट ३०५ मध्ये, चळवळी ३०३ मध्ये, शेतीचं अर्थकारण ३३८ मध्ये, आणि भारताचा इतिहास थेट ९५४ ला, दुसऱ्या टोकाला. दलित पँथरवर काम करणाऱ्याने ३२० समोर दोन तास घालवले तर हाती फार कमी लागेल. नंबर एका कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येक कपाटासमोर एकदा उभे राहा, शेजारची पुस्तकं बघा, हे कॉम्प्युटरवर होत नाही.

काही जुन्या विद्यापीठ लायब्रऱ्यांत पुस्तकं लावायची रंगनाथन यांची कोलन पद्धत आहे, तिथे राज्यशास्त्राला डब्ल्यू, इतिहासाला व्ही आणि कायद्याला झेड अक्षर असतं.

प्र. कॅटलॉगवर शोधलं की झिरो रिझल्ट येतो.

स्पेलिंग बदला. जुन्या इंग्रजी पुस्तकांत, सरकारी रिपोर्टात नाशिक हे एच न घालता लिहिलंय, एन-ए-एस-आय-के असं. आजच्या स्पेलिंगने शोधाल तर साधारण इंग्रजांच्या काळापासूनचा सगळा माल हातातून निसटेल. येवला, देवळाली यांचंही तसंच, दोन-तीन स्पेलिंग करून बघा. महाराष्ट्राऐवजी बॉम्बे प्रेसिडेन्सी किंवा बॉम्बे स्टेट टाका, १९६० च्या आधीचं त्या नावाखाली आहे. मराठी पुस्तकांची एंट्री कुठे देवनागरीत असते कुठे रोमनमध्ये, दोन्ही करून बघायचं. तरीही नाही आलं तर लायब्ररीतल्या माणसाला विचारा, जुनी बरीच पुस्तकं कॉम्प्युटरवर चढलेलीच नसतात, ती रजिस्टरमध्ये असतात.

प्र. एन-लिस्ट म्हणजे काय, आणि ते वन नेशन वन सबस्क्रिप्शन आम्हाला लागू आहे का?

एन-लिस्ट ही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या लायब्रऱ्यांना जोडणाऱ्या संस्थेची कॉलेजांसाठीची सोय आहे, कॉलेज मेंबर असेल तर विद्यार्थ्याला स्वतःचं लॉगिन मिळतं आणि घरून ई-बुक्स आणि जर्नल्स वाचता येतात. लॉगिन लायब्ररियन तयार करून देतात, एक ईमेल आयडी द्यायचा एवढंच. वर्षाला फी भरलेली असते आणि वापरणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके, म्हणून आज जाऊन मागा.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन म्हणजे जर्नल्सची वर्गणी सरकारनेच सगळ्यांसाठी मिळून भरायची, त्याला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि जानेवारी २०२५ पासून ते सुरू झालं, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स त्यात आहेत. हे सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी आहे. तुमचं कॉलेज किंवा तुमचं रिसर्च सेंटर त्यात येतं का ते लायब्ररियनना विचारा. पीएचडीचं रजिस्ट्रेशन पुणे विद्यापीठात असेल तर विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाकडूनही चौकशी करा, कारण तुम्ही विद्यापीठाचे विद्यार्थी आहात आणि त्यांच्या सोयींवर तुमचा हक्क आहे.

प्र. लॉगिन नाही आणि लेखाला पैसे मागतात, काय करू?

जेस्टोर या जर्नल्सच्या साईटवर फुकट अकाऊंट काढलं की महिन्याला १०० लेख ऑनलाईन वाचता येतात, डाऊनलोड होत नाहीत पण वाचून नोट्स काढायला पुरे. गूगल स्कॉलरवर लेखाच्या खाली "सर्व आवृत्त्या" असतं त्यात बऱ्याचदा लेखकाने स्वतः टाकलेली पीडीएफ सापडते. अनपेवॉल हे ब्राउझरमध्ये बसवलं तर कायदेशीर फुकट कॉपी असेल ती ते आपोआप दाखवतं. आणि सरळ लेखकाला ईमेल करा. चार ओळी, मी अमुक कॉलेजची विद्यार्थिनी, अमुक विषयावर काम करतेय, हा लेख मिळेल का. प्राध्यापक मंडळी आनंदाने पाठवतात, आपलं लिखाण कुणीतरी वाचतंय याचं त्यांना बरं वाटतं.

प्र. शोधगंगावर माझ्याच टॉपिकचा थीसिस सापडला, आता माझं काय?

घाबरू नका, तो सगळा वाचा. शोधगंगावर, म्हणजे भारतातल्या पीएचडी थीसिसच्या ऑनलाईन संग्रहात, प्रत्येक चॅप्टरची वेगळी पीडीएफ असते, आधी शेवटची ग्रंथसूची उघडा आणि मग निष्कर्षाचं प्रकरण, तिथे लेखकाने स्वतःच लिहिलेलं असतं की अजून काय अभ्यासायचं राहिलंय. मराठीत लिहिलेले थीसिसही आहेत. दर्जा मात्र सारखा नाही, काही अप्रतिम आहेत आणि काही बघून वाईट वाटतं, म्हणून थीसिसमधला आकडा किंवा कोट तसाच्या तसा उचलू नका, त्याने जिथून घेतलाय तिथे जाऊन बघा.

प्र. निवडणुकीचे आकडे कुठून घ्यायचे? विकिपीडिया चालेल का?

बघायला चालेल, लिहायला नाही. लोकसभा-विधानसभेचे निकाल भारत निवडणूक आयोगाच्या वेबसाईटवर सांख्यिकी अहवालांत आहेत, पहिल्या निवडणुकीपासूनचे. बूथनिहाय मतं हवी असतील तर फॉर्म २०, तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साईटवर मिळतो, बऱ्याचदा स्कॅन केलेला असतो त्यामुळे हाताने टाईप करावं लागतं, पण बूथ पातळीवर जे दिसतं ते मतदारसंघाच्या बेरजेत कधीच दिसत नाही. महापालिका, झेडपी, पंचायत समिती, ग्रामपंचायत यांचं राज्य निवडणूक आयोगाकडे असतं, ही दोन वेगळी ऑफिसं आहेत, चुकीच्या दारात जाऊ नका. आकडे एक्सेलमध्ये तयार हवे असतील तर अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी सेंटरचं लोकढाबा बघा. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं मायनेता या साईटवर आहेत. लोकांनी मत का दिलं याचे सर्व्हे सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या लोकनीतीचे.

आता नाशिकवाल्यांसाठी खास. २००८ ची मतदारसंघ पुनर्रचना लक्षात ठेवा. त्याआधी मालेगाव हा लोकसभा मतदारसंघ होता, नंतर दिंडोरी आला. शहरात नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम अशी वाटणी झाली. जिल्ह्यात विधानसभेच्या १५ जागा आहेत पण त्यातल्या मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण या तीन धुळे लोकसभेत मोडतात. त्यामुळे "नाशिक जिल्ह्यात पक्षाची मतं २००४ ते २००९ मध्ये इतकी वाढली" असं वाक्य लिहिण्याआधी कोणता भाग कुठे गेला याचा तक्ता करा. सीमांकनाचा आदेश भारत निवडणूक आयोगाच्या साईटवर आहे. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेले परीक्षक हा प्रश्न विचारतातच.

दुसरं, १९६३ मध्ये यशवंतराव चव्हाण नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले हे सगळ्यांना माहीत असतं, पण १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात ते शोधत बसाल तर सापडणार नाही कारण ती पोटनिवडणूक होती. पोटनिवडणुका वेगळ्या शोधायच्या.

प्र. आमदार-खासदार सभागृहात काय बोलले ते मिळतं का?

मिळतं आणि फुकट मिळतं. लोकसभेची भाषणं संसदेच्या डिजिटल लायब्ररीत, विधानसभा-विधानपरिषदेची कार्यवाही विधानमंडळाच्या साईटवर, संविधान सभेच्या चर्चाही ऑनलाईन शोधता येतात. शोधताना लाडकं नाव नको, रेकॉर्डवरचं नाव टाका. आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाड १९५७ ला नाशिकमधून लोकसभेत निवडून आले, पण "दादासाहेब" टाकून शोधलं तर त्यांची भाषणं हाती लागणं कठीण, बी. के. गायकवाड असं शोधा. भूमिहीनांच्या प्रश्नावर त्यांनी रस्त्यावर काय केलं हे आपण वाचलेलं असतं, सभागृहात काय मांडलं ते शेजारी ठेवून वाचा, मग खरं काम सुरू होतं. विधानसभेच्या तारांकित प्रश्नांच्या (ज्यांचं उत्तर सभागृहात तोंडी दिलं जातं) याद्याही बघा, तालुक्याचं नाव टाकून. एखाद्या आमदाराने पाच वर्षांत आदिवासी भागाबद्दल काय विचारलं आणि काय विचारलंच नाही, एवढ्यावर सुद्धा उत्तम डेझर्टेशन होतं.

प्र. काळाराम मंदिर सत्याग्रहावर करायचंय पण सगळ्यांनी करून झालंय असं गाईड म्हणतात.

त्याबद्दल लिहिलं गेलंय खूप, मूळ कागद बघून लिहिलेलं त्यामानाने कमी आहे. २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला आणि काही वर्षं चालला, पण बहुतेक लिखाण पहिल्या दिवसांवरच थांबतं. नंतरच्या वर्षांत गावागावातून माणसं कशी येत होती, पैसा कुठून येत होता, शहरातली मंडळी कशी वागली, नगरपालिकेत त्याचे पडसाद काय पडले, यातला एक धागा घ्या. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ची बाबासाहेबांची येवल्याची धर्मांतराची घोषणा आहे, या दोन तारखांमधल्या काळात जिल्ह्यात काय झालं हाच एक स्वतंत्र विषय आहे.

साधनं सांगतो. महाराष्ट्र शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, त्यातला १७ व्या खंडाचा पहिला भाग चळवळींवर आहे आणि १८ व्या खंडात मराठी भाषणं आहेत, खंडांच्या पीडीएफ फुकट मिळतात. त्या काळातलं "जनता" साप्ताहिक. मुंबईच्या राज्य अभिलेखागारात गृह खात्याच्या स्पेशल फाईली, त्यात कलेक्टर आणि पोलिसांचे रिपोर्ट. पोलिसांचा रिपोर्ट म्हणजे सरकारची नजर, "जनता" म्हणजे चळवळीची, आणि शहरातले तेव्हाचे पेपर म्हणजे तिसरीच. एकाच दिवसाची तिन्ही वर्णनं शेजारी ठेवा. आणि मंदिर तुमच्यापासून वीस मिनिटांवर आहे, पंचवटीत जाऊन दरवाजे, रस्ते, रथाचा मार्ग बघून या, कागदावरचं वर्णन कळायला त्याची फार मदत होते. ज्या घरांत आजोबा-पणजोबा त्या सत्याग्रहात होते तिथे जुनी पत्रं, फोटो, पावत्या असू शकतात. अशा घरी गेलात तर कागद मागू नका, परवानगी घेऊन तिथेच फोटो काढा आणि त्याची एक कॉपी त्यांना द्या.

प्र. जुने पेपर कुठे बघायला मिळतील?

गावकरी, देशदूत हे इथलेच पेपर, त्यांच्या ऑफिसात आणि जुन्या वाचनालयांत फाईलींची चौकशी करा. तारखा आधी ठरवून जा, "१९८० चे पेपर दाखवा" म्हणाल तर समोरचा माणूस हात जोडेल. पानं ठिसूळ असतात, हाताळताना जपा, झेरॉक्स नको, फोटो काढा आणि प्रत्येक फोटोबरोबर पेपरचं नाव, तारीख, पान नंबर लगेच लिहा. साधना साप्ताहिकाचे जुने अंक ऑनलाईन आहेत.

प्र. जिल्ह्याची जुनी माहिती एका ठिकाणी?

गॅझेटियर, म्हणजे सरकारने काढलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ. नाशिकचा जुना खंड १८८३ चा, बॉम्बे प्रेसिडेन्सी मालिकेतला सोळावा, ऑनलाईन मिळतो. लिहिणारे इंग्रज अधिकारी होते, जाती-जमातींबद्दलची त्यांची भाषा तशीच उचलू नका. नंतरच्या काळासाठी जनगणनेचं जिल्हा पुस्तक.

प्र. सरकारी ऑफिसात कागद आहे पण देत नाहीत.

आधी वेबसाईटवर आणि जीआर (शासन निर्णय) पोर्टलवर नीट बघा, अर्ध्या वेळा तिथेच असतो. नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. अर्जात "का" विचारू नका, कोणत्या कागदाची कोणत्या काळातली प्रत हवी तेवढंच लिहा. अपील धरून चार महिने हाताशी ठेवा, म्हणजे हे काम पहिल्या सेमिस्टरलाच करायचं.

प्र. पुण्या-मुंबईला कधी जाऊ?

यादी तयार झाल्यावर. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आणि जयकर, मुंबईत कलिन्याचं विद्यापीठ ग्रंथालय आणि तिथेच आयसीएसएसआर या समाजविज्ञान संशोधन परिषदेचं पश्चिम विभागीय केंद्र, टिस (टाटा समाजविज्ञान संस्था), एशियाटिक सोसायटी, आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं अभिलेखागार. घरूनच त्यांचा कॅटलॉग बघा, कॉल नंबर लिहून घ्या, फोन करून वेळ आणि सुट्टी विचारा, गाईडचं पत्र आणि ओळखपत्राच्या दोन-दोन कॉपी ठेवा. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला गेलात तरी अभिलेखागारात पहिला दिवस परवानगी आणि फाईल मागवण्यातच जातो, तेव्हा एका दिवसाचा प्लॅन करू नका, कुणाकडे तरी राहायची सोय बघा.

प्र. माझं इंग्रजी कच्चं आहे, मराठीतूनच रिसर्च होईल का?

होईल, आणि लाजायचं काही कारण नाही. समाज प्रबोधन पत्रिका, नवभारत, साधना, यात गंभीर राजकीय लिखाण दशकानुदशकं मराठीत झालंय आणि इंग्रजीतून काम करणारे ते वाचत नाहीत हे त्यांचं नुकसान आहे. पण इंग्रजी पूर्ण टाळता येणार नाही. आठवड्याला एकच लेख घ्या, आधी गोषवारा, मग शेवट, मग मधला भाग, आणि प्रत्येक परिच्छेदाचं सार एका ओळीत मराठीत लिहा. सहा महिन्यांनी फरक पडलेला दिसतो, तो मी अनेक मुलांमध्ये बघितलाय.

प्र. चॅटजीपीटीला संदर्भ विचारले तर?

नसलेली पुस्तकं आणि नसलेले लेख तो इतक्या आत्मविश्वासाने देतो की खरेच वाटतात. शब्द सुचवायला, इंग्रजी उतारा समजून घ्यायला वापरा. पण जो संदर्भ तुम्ही स्वतः उघडून बघितला नाही तो यादीत टाकायचा नाही, हा नियम पक्का ठेवा. जर्नलचंही तसंच, यूजीसीची मान्य जर्नल्सची केअर लिस्ट आता बंद झालीय, त्यामुळे पैसे घेऊन दोन दिवसांत छापणाऱ्या जर्नल्सपासून तुम्हालाच सावध राहायचंय.

प्र. नोंदी कशा ठेवू?

झोटेरो, हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, देवनागरी चालतं. वहीत ठेवणार असाल तर तेही चालेल, पण पान नंबर पहिल्यांदाच लिहा.

प्र. लायब्ररियन सरांना किंवा मॅडमना नेमकं काय विचारायचं? मला भीती वाटते.

"पॉलिटिकल सायन्सची पुस्तकं कुठे आहेत" असं नका विचारू. असं विचारा, "मॅडम, मी निफाड तालुक्यातल्या सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकांवर काम करतेय, हे दोन लेख वाचलेत, आता कारखान्याचे वार्षिक अहवाल आणि जुने पेपर हवेत, कुठे बघू?" मग त्या खुर्चीतून उठतात. आपल्याकडे नसलेलं पुस्तक दुसऱ्या लायब्ररीतून मागवता येतं, मागच्या खोलीत गठ्ठे असतात, एखादे निवृत्त प्राध्यापक त्याच विषयावरचे असतात, हे सगळं त्यांना माहीत असतं. शक्यतो दुपारी जा, परीक्षेच्या आणि ॲडमिशनच्या गर्दीत नको.

प्र. शोधणं थांबवायचं कधी?

नवीन लेख उघडला आणि त्याच्या संदर्भयादीतली बहुतेक नावं तुमच्याकडे आधीच आहेत असं सलग तीन-चार वेळा झालं की थांबा आणि लिहायला बसा. लिहिताना कुठे अडलं तर तेवढ्यापुरतं परत जा.